विजापूरचा घुमट टपाल तिकिटावर कसा गेला

आधी प्रश्न, थोडक्यात. विजापूर, हंपी, अजिंठा इथले एकोणिसाव्या शतकातले फोटो आपण ‘आपला वारसा’ म्हणून कौतुकाने एकमेकांना पाठवतो. ते काढले मात्र कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यांनी, सरकारी कामासाठी. मग याच फोटोंनी आपली राष्ट्रीय अस्मिता घडवली असं म्हणतात, ते कितपत खरं? आणि असा फोटो समोर आला तर त्यात बघायचं काय?

जुन्या छायाचित्रांच्या याद्या करणं आणि ती जपणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, तेव्हा त्या बाजूने उत्तर देते. घडवली हे खरं, पण काढणाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं. कॅमेऱ्याने केलं ते एवढंच, की इमारतीला तिच्या गावातून, तिथल्या पूजेअर्चेतून, तिच्या मालकीच्या आणि वैराच्या इतिहासातून बाजूला काढलं आणि कागदावर एकटं उभं केलं. अशी सुटी झालेली इमारत कोणालाही आपली म्हणता येते. आधी साम्राज्याने म्हटली, पुढे राष्ट्राने म्हटली. त्यातून जे मिळालं आणि जे गेलं, दोन्हीचं मूळ इथेच आहे.

सुरुवात पैशांच्या हिशेबापासून झाली. लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांना इथल्या पुराणवास्तूंच्या नोंदी हव्या होत्या आणि चित्रकाराकडून त्या करून घेणं फार महाग पडत होतं. मद्रास सैन्यातला चित्रकार-अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवत बसला होता आणि काम काही सरत नव्हतं. फोटो स्वस्त, झटपट आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे बिनचूक. म्हणून मुंबई सरकारने फेब्रुवारी १८५५ मध्ये तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्झला सरकारी छायाचित्रकार नेमलं. तो विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल करत फिरला. वर्ष संपायच्या आत त्याला पलटणीत परत बोलावलं आणि त्याच्या जागी मुंबईच्या वैद्यकीय सेवेतला डॉ. विल्यम पिगू आला. मद्रासकडे हेच काम लिनियस ट्राइप करत होता. तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरचा शिलालेख त्याने तुकड्या-तुकड्याने टिपला आणि एकवीस फोटो जोडून जवळपास सहा मीटर लांबीची पट्टी तयार केली. नवा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन याला हा सगळा खर्च म्हणजे उधळपट्टी वाटली आणि ट्राइपचं काम बंद पडलं. पुरातत्त्वावरच्या खर्चाकडे बघायची सरकारी नजर तेव्हापासून फारशी बदललेली नाही, हे जाता जाता.

आता तंत्राचा भाग. तो टाळून पुढे जाता येणार नाही. ही मंडळी बहुतेक कागदी निगेटिव्हवर काम करत. त्यातल्या एका पद्धतीत चांगला पातळ कागद घ्यायचा, गरम इस्त्रीने त्यात मेण मुरवायचं, मग चांदीच्या क्षारांच्या द्रावणात भिजवायचा. मेणामुळे कागद टिकतो आणि आधी तयार करून ठेवता येतो. उन्हात बैलगाडीने फिरणाऱ्याला ती मोठीच सोय होती. पण कागदावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जो हलला तो फोटोतून गेला. प्रदक्षिणा घालणारी बाई, पाणी भरणारा पोरगा, अंगणातली शेरडं, कुणीच उरत नाही. उरतो तो दगड, आणि ‘इथे उभा राहा, हलू नकोस’ असं बजावून उभा केलेला एखादा माणूस, खांबाची उंची कळावी म्हणून.

आकाशाचंही तसंच. तेव्हाच्या रसायनांना निळा रंग फार लवकर दिसे, त्यामुळे दगडाचा तपशील नीट येईपर्यंत आकाश पार पांढरंफटक पडे. ट्राइप निगेटिव्हवर हाताने रंग लावून ढग काढायचा. तुम्ही ट्राइपच्या फोटोतल्या ढगांचं कौतुक करत असाल तर खुशाल करा, फक्त ते त्या दिवशीच्या आभाळातले असतीलच असं नाही.

तर माणसं गेली, आभाळ गेलं, आणि ओसाड वैभव तेवढं शिल्लक राहिलं. बघणाऱ्याला वाटलं, इथे कोणी राहत नाही, याची कोणाला किंमत नाही. ‘यांचं वैभव होतं, यांनी ते राखलं नाही, आता आम्ही राखतो’ असं सांगणाऱ्या सरकारला ही प्रतिमा फार सोयीची होती. सगळा दोष रसायनांवर टाकता येणार नाही. १८८० नंतर निगेटिव्हसाठी कोरड्या काचा आल्या, क्षणात फोटो निघू लागला, तरी सरकारी फोटो रिकामेच राहिले. तोवर तशी दृष्टीच तयार झाली होती.

विजापूरचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. बिग्झने १८५५ मध्ये तिथे काम केलं. त्याचे आणि मेजर लॉकचे फोटो, जोडीला नकाशे आणि आराखडे, असा विजापूरच्या वास्तुकलेवरचा मोठा खंड १८६६ मध्ये लंडनला निघाला. मजकूर मेडोज टेलर आणि वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांचा. छापखान्यात फोटो थेट छापण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे अशा खंडांत अस्सल फोटो एकेक करून पानांवर चिकटवलेले असत. असं पान हातात धरलं की कळतं, कागद अंड्याच्या पांढऱ्यावर तयार केलेला, तुकतुकीत, कडांना पिवळा पडलेला, आणि खळ ओढून घेतल्याने पान किंचित वाकलेलं. ही सामान्य माणसाची वस्तू नव्हती. आणि त्याच मालिकेतल्या अहमदाबादच्या खंडामागे पैसा होता मुंबईच्या प्रेमचंद रायचंदांचा! अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, त्या तेजीतले हे शेटिये. तेव्हा ‘हे सगळं साहेबांनी साहेबांसाठी केलं’ हे वाक्य पहिल्याच पानावर अडखळतं. देशी पैसा, देशी आराखडेकार आणि गोरा लेखक अशी ती गाठ होती.

आता तिथून १५ ऑगस्ट १९४९ वर या. स्वतंत्र भारताने त्या दिवशी रोजच्या वापराच्या टपाल तिकिटांची नवी मालिका काढली. राजाचा मुखडा गेला आणि सोळा तिकिटांवर पुराणवास्तू आल्या. तीन पैवर अजिंठ्याचा हत्ती, सहा पैवर कोणार्कचा घोडा, नऊ पैवर त्रिमूर्ती, मग नटराज, सांचीचं तोरण, बोधगया, खजुराहोचं कंदरिया महादेव, अमृतसरचं सुवर्णमंदिर, चित्तोडचा विजयस्तंभ, लाल किल्ला, ताज, कुतुबमिनार, आणि सर्वांत महाग पंधरा रुपयांच्या तिकिटावर शत्रुंजयाचं जैन मंदिर. सहा आण्यांवर होता विजापूरचा गोल घुमट.

मराठी वाचकाने इथे क्षणभर विचार करावा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात विजापूर म्हणजे शत्रूचा दरबार. अफझलखान तिथूनच निघाला. शहाजीराजे त्याच दरबाराचे सरदार होते हे आपण वाचतो आणि पुढे जातो. घुमट ज्या महंमद आदिलशहाची कबर, त्याच्या कारकिर्दीतच शिवाजी महाराजांच्या हालचाली सुरू झाल्या. आणि तो घुमट फाळणीनंतर दोनच वर्षांनी ‘आमची वास्तू’ म्हणून घरोघरच्या पाकिटांवर चिकटला आणि त्यावरून कोणाचं काही बिनसलं नाही. हे कसं शक्य झालं? माझं मत असं, की शंभरेक वर्षं तो घुमट आपण फोटोत पाहत आलो होतो, आणि फोटोत आदिलशहा नसतो. तिथे एक प्रचंड गोलाकार, चार मनोरे आणि भरपूर सावली असते. बांधणाऱ्याशी असलेलं भांडण चौकटीच्या बाहेर राहिलं, म्हणून नटराज, घुमट आणि सुवर्णमंदिर एकाच मालिकेत शेजारी-शेजारी बसू शकले. कंपनी सरकारने वस्तूंची मोजदाद करावी तसा केलेला हा संग्रह नव्या प्रजासत्ताकाला आयता मिळाला आणि त्याने तो चांगल्या कामाला लावला. हे मी उपरोधाने म्हणत नाही.

पण किंमत मोजावी लागलीच, आणि ती बघायला हंपीला जावं लागतं.

अलेक्झांडर ग्रीनलॉ हा मद्रास सैन्यातला अधिकारी. १८५६ च्या सुमारास त्याने हंपीचे अवशेष मेणकागदाच्या मोठमोठ्या निगेटिव्हवर टिपले. एकेक निगेटिव्ह सुमारे सोळा बाय अठरा इंच, म्हणजे कॅमेराही तेवढाच अवाढव्य, कारण तेव्हा फोटो मोठा करून छापत नसत; निगेटिव्ह जेवढं, तेवढाच फोटो. हा ठेवा पुढे विस्मरणात गेला आणि १९८० च्या सुमारास पुन्हा उजेडात आला. मग १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार जॉन गॉलिंग्ज याने ग्रीनलॉ जिथे उभा होता तीच जागा हुडकून तेच फोटो पुन्हा काढले. दोन्ही शेजारी ठेवले की आपण काय गमावलं आणि काय ‘सुधारलं’ ते दिसतं.

विठ्ठल मंदिराच्या आवारातला दगडी रथ पाहा. ग्रीनलॉच्या फोटोत त्या रथाच्या माथ्यावर विटांचं शिखर आहे. पडझड झालेलं, पण आहे. म्हणजे ते नुसतं वाहन नाही, गरुडाचं देऊळ आहे, रथाच्या आकाराचं. पुढे ते शिखर काढून टाकलं गेलं. आज आपण बघतो तो रथ वरून सपाट आहे, नेटका आणि पूर्ण दगडी. आता खिशातली पन्नासाची नवी निळसर नोट काढा. तिच्या पाठीवर हाच रथ आहे, अर्थातच शिखराशिवाय. देशाने जे रूप आपलं चिन्ह म्हणून घेतलं ते विजयनगरच्या गवंड्यांनी सोडलेलं नाही, डागडुजी करणाऱ्यांनी सोडलेलं आहे. आणि हे आज आपल्याला कळतं ते एका कंपनी अधिकाऱ्याच्या मेणकागदामुळे. म्हणून सरसकट ‘वसाहतवादी फोटो’ म्हणून ते निकालात काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. हेतू काही असो, निगेटिव्हवर हेतूपेक्षा जास्त उमटतं.

हंपीचीच आणखी एक बाजू. विरूपाक्षाची पूजा तिथे आजही चालते. पण ‘हंपीचे भग्नावशेष’ ही फोटोंमधून रुजलेली प्रतिमा इतकी बळकट, की पहिल्यांदा जाणाऱ्याला चालतं-बोलतं देऊळ बघून नवल वाटतं. कर्नाटक एकीकरणाच्या विचाराला त्याच अवशेषांनी भावनिक बळ दिलं. त्या विचाराचे पुरस्कर्ते आलूर वेंकटराव पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, आणि त्यांच्या कर्नाटकाभिमानात हंपीच्या दर्शनाचा मोठा वाटा. पडक्या भिंतींकडे बघून साहेबाला आपलं राज्य योग्य वाटलं आणि आलूरांना आपलं राज्य गेल्याचं जाणवलं.

अजिंठ्याची गोष्ट उलटी आहे. तिथे कॅमेरा हरला. अंधारी लेणी हे एक कारण, पण मुख्य कारण पुन्हा रसायन. तेव्हाच्या काचांना आणि कागदांना तांबडा-पिवळा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि अजिंठ्याची चित्रं तर गेरू आणि पिवळ्या मातीत न्हालेली. फोटोत तिथे काळे डाग आले असते. म्हणून गिलच्या १८६० च्या दशकातल्या फोटोंत लेण्यांची दर्शनी बाजू, स्तंभ, स्तूप हे सगळं देखणं येतं, आणि ज्यासाठी अजिंठा अजिंठा आहे ती चित्रं नाहीत. त्याने वर्षानुवर्षं रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. शेवटी १९०९ ते १९११ च्या दरम्यान इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस, असित हलदार ही तरुण मंडळी हिवाळ्यात येऊन चित्रं उतरवून गेली आणि तिथून अजिंठा ‘राष्ट्रीय कले’त शिरला. ब्रशच्या वाटेने. फोटोनेच सगळं केलं असं सरधोपट कोणी सांगू लागलं, तर त्याला अजिंठ्याचं नाव सांगा.

फोटो कोण वाचतो यावरही बरंच ठरतं. फर्ग्युसनने भारतीय वास्तूंचे हजारो फोटो जमवले आणि लंडनमध्ये बसून त्यांवरून मतं ठोकली. त्यातलं एक असं, की दगडात बांधायला हिंदी लोक ग्रीकांच्या संपर्कानंतरच शिकले. त्याला उत्तर दिलं कलकत्त्याचे पुराविद्यातज्ज्ञ राजेंद्रलाल मित्र यांनी, ओरिसातल्या देवळांवर जागेवर जाऊन काम करून, आणि फोटोंचा आधार घेऊनच. हेच राजेंद्रलाल बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीचे पदाधिकारी होते आणि निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बोलले म्हणून १८५७ मध्ये त्यांना तिथून घालवून दिलं होतं. फर्ग्युसनला त्यांचं उत्तर इतकं झोंबलं की १८८४ मध्ये त्याने त्यांच्यावर एक सबंध पुस्तक लिहिलं. त्यात खांब-कमानींपेक्षा ‘नेटिवांची लायकी’ हाच विषय पुढे येतो. ‘कोणाची सत्ता कोणाच्या भूतकाळावर’ याचा याहून उघडा पुरावा मला माहीत नाही.

मुंबईतही १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पण कॅमेऱ्यामागे देशी माणूस उभा राहिला म्हणजे चौकट बदलतेच असं नाही. लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून मध्य भारतातली स्मारकं टिपली. ग्वाल्हेर, मांडू, सांची, ओर्छा यांचा तो संग्रह १८८६ मध्ये निघाला. नजरेत भरणारं काम आहे, दीनदयाळांच्या तोडीची प्रकाशाची जाण फार थोड्यांना होती. तरी नाव झाकलं तर ‘हा हिंदी माणसाचा फोटो’ असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. निदान मला येत नाही.

साहेबाला स्वतःची राष्ट्रीय स्मारकंही हवी होती, तीही फोटोतून पसरली. १८५७ मध्ये मारल्या गेलेल्या इंग्रज बायका-मुलांची कानपूरची विहीर, तिच्यावरचा मारोकेत्तीचा संगमरवरी देवदूत, लखनौची रेसिडेन्सी. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्नच्या कॅमेऱ्यातून निघालेली ही दृश्यं विलायतेतल्या घरोघरच्या अल्बमांत गेली. कानपूरच्या त्या बागेत हिंदी माणसाला मुक्त प्रवेश नव्हता. स्वातंत्र्यानंतर देवदूत तिथून हलवून चर्चच्या आवारात नेला.

आता महाराष्ट्राचं. जुन्या सरकारी फोटोंत वेरूळ, कार्ले, अजिंठा, अंबरनाथ भरपूर सापडतील. गडकोट शोधायला लागाल तर हात रिकामे राहण्याचीच शक्यता जास्त. कारण सोपं आहे. फर्ग्युसनच्या वर्गवारीत बौद्ध, जैन, हिंदू आणि मुसलमानी ‘शैली’ होत्या. माची, बुरूज, तट, टाकी यांना तिथे कप्पाच नव्हता. शिवाय १८१८ मध्ये ज्यांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे उद्ध्वस्त केले, त्यांच्याच वारसदारांनी हौसेने त्यांचे फोटो काढावेत हीही अपेक्षा जरा जास्तच. त्यामुळे रायगड मराठी मनात शिरला तो पोवाडे, कीर्तनं, वर्तमानपत्रं आणि पायी चढाई यांतून. जेम्स डग्लसने १८८३ मध्ये समाधीच्या हेळसांडीबद्दल लिहिलं, टिळकांनी १८९५ पासून निधी आणि उत्सवाचा विषय लावून धरला, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला, समाधीचा जीर्णोद्धार १९२६ मध्ये पुरा झाला. दरम्यान पुण्याचा चित्रशाळा छापखाना महाराजांची रंगीत चित्रं घरोघर पोचवत होता. म्हणजे इथे स्मारकाआधी माणूस आला. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये. या बेचाळीस वर्षांच्या अंतरात एकोणिसाव्या शतकातल्या त्या वर्गवारीचा वाटा किती, हा विषय कोणीतरी प्रबंधाला घ्यावा.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, फोटोत बघायचं काय. मी आधी कडा बघते. मध्यभागी छायाचित्रकाराने जे दाखवायचं ठरवलं ते असतं. कडेला त्याच्या नकळत आलेलं. भिंतीला टेकवलेली शिडी, गवताच्या पेंढ्या, मूर्तीवरचे तेलाचे ओघळ, कोनाड्यातली काजळी. ‘ओसाड’ म्हणून नोंदलेल्या देवळात काजळी ताजी असेल तर नोंद करणाऱ्याने डोळे झाकून घेतले होते असं समजा. मग मथळा, आणि तो मूळ अल्बममधलाच आहे ना हे. नंतर कोणी लिहिलेल्या मथळ्यांनी फार घोळ घातलेत. मग प्रत कोणती: निगेटिव्हवरून थेट काढलेली, पुस्तकात चिकटवलेली, की १९०० नंतरच्या पोस्टकार्डावर ठिपक्यांत छापलेली? एकच फोटो तीन रूपांत तीन वेगळ्या लोकांपर्यंत पोचतो. पोस्टकार्डावर आला तेव्हा कुठे तो साध्या माणसाच्या हाती लागला.

फॉरवर्ड आलेल्या फोटोंबद्दल एक सूचना. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. त्यामुळे ‘१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हाचा शनिवारवाडा’ असा फोटो कोणी पाठवला तर फार विचार करावा लागत नाही. १८४० च्या दशकातले म्हणून फिरणारे आपल्याकडच्या स्मारकांचे फोटोही संशयानेच बघा, कारण गावोगाव फिरून पद्धतशीर काम १८५५ नंतरचं. रंगीत केलेल्या प्रतींत दगडाचा रंग संगणकाने ठरवलेला असतो, आणि यंत्राने ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतींत झीज झालेली नक्षी कधी कधी नव्याने कोरून मिळते. त्यावरून शिल्पाबद्दल काही लिहू नका.

मूळ प्रती बघायच्या तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा संग्रह मोठा आहे; दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडेही उत्तम साठा आहे. शोधताना आजची नावं टाकून भागत नाही. विजापूरसाठी ‘बीजापूर’ची जुनी इंग्रजी वळणं, हंपीसाठी विजयनगर, वेरूळसाठी एलोरा, आणि गोल घुमटासाठी ‘महमूदची कबर’ असंही टाकून बघा, कारण जुन्या इंग्रजी नोंदींत महंमदाचा महमूद झालेला बऱ्याचदा दिसतो.